सुतकाचा उन्हाळा

परवा लिफ्टमध्ये रश्मी भेटली. आमच्याच मजल्यावर राहते, जवळच्याच एका कंपनीत नोकरी करते आणि खराडीतल्या बहुतेक मुलींसारखी सदा घाईत असते. रविवारी आमच्या सोसायटीतल्या बायका गच्चीवर पापड लाटणार होत्या. कुणी किती पीठ आणायचं ते ग्रुपवर ठरलं होतं, आणि उडदाच्या डाळीचा भाव कळल्यावर रडणारे पिवळे चेहरेही भरपूर येऊन गेले होते. रश्मी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, मी नाही येणार रविवारी. आमच्याकडे सुतक आहे."

"अगं, कोण गेलं?" माझ्या सुनेनं, मधुरानं, लगेच विचारलं.

मी हातातली भाजीची पिशवी मधुराच्या हातात कोंबली. "ही धर आधी, खांदा गेला माझा," म्हणाले, आणि मजला येईपर्यंत त्या खांद्याबद्दलच बोलत राहिले. घरात शिरल्यावर मधुरा म्हणाली, "आई, किती रूड वाटलं ते! तिच्याकडे कोणीतरी गेलंय आणि तुम्ही खांद्याचं काय घेऊन बसलात?" मी भाजी निवडायला घेतली. रश्मीकडे खरंच कोणी गेलं असेल. नसेलही. पण तो प्रश्न तिला कोणी विचारू नये असं मला फार आतून वाटलं.

उन्हाळा आला की हे असं होतं मला. गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या दिसल्या, कुठून तरी हिंगाचा आणि पापडखाराचा वास आला, की मी पुन्हा फ्रॉकमधली मुलगी होते आणि माझे कान गरम होतात. लाज कानात साठून राहते की काय कोण जाणे. इतक्या वर्षांत तिच्यावर काही इलाज सापडलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठचा तो उन्हाळा. आम्ही तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला, एका तीन मजली इमारतीत राहत होतो. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, समोरून सामाईक गॅलरी. बाबा सरकारी कचेरीत कारकून. रेशनवर तांबडी ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला ना रंग ना चव, आणि गिळताना घसा आठवायचा. गोडेतेल तर दुकानातून असं गायब झालं होतं की जणू शेंगदाण्यात तेल असतं हेच लोक विसरले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात भावाचा एक काळा फळा होता. पूर्वी त्यावरचा खडू आठवडा आठवडा पुसला जायचा नाही. त्या वर्षी फळ्याखाली ओलं फडकं कायमचं ठेवलेलं असायचं. "सकाळचा भाव सकाळी," वाणी म्हणायचा, "आता संध्याकाळ झाली बाई."

आईची काटकसर आधी आम्हाला कळलीच नाही. ती टप्प्याटप्प्यानं आली. फोडणीचा आवाज बारीक झाला. शिऱ्याऐवजी सांजा, मग सांज्याऐवजी काहीच नाही. चहात साखर ढवळल्याचा आवाज मात्र पूर्वीइतकाच यायचा, कारण गॅलरीतून ये-जा असायची. वर्षाचे गहू दर उन्हाळ्यात पोत्यानं यायचे. त्या वर्षी पोतं आलं नाही, पण माळ्यावरचा मोठा डबा आईनं नेहमीसारखा खाली काढून, घासून, उन्हात वाळवून पुन्हा वर चढवला. वर चढवताना तो किती हलका आहे हे बघणाऱ्याला कळू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलला. मी स्टुलापाशी उभी होते, मला कळलं.

हे नाटक आईच्या स्वभावातलं नव्हतं. ते बाबांचं होतं. बाबांचं एक वाक्य ठरलेलं असे, "आपल्या घरातली टंचाई जिन्यावर जाता कामा नये." ते वाक्य ते टोपी घालता घालता म्हणत आणि कचेरीत निघून जात. मागे राहून टंचाईला दिवसभर दारात अडवून धरायचं काम आईचं.

आणि अशात वाळवणाचे दिवस आले.

आमच्या मजल्यावर पापडांची एक रीत होती. ज्या घरचे पापड त्या घरी त्या दिवशी सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. घरधनीण पीठ भिजवून, तेलाचा हात लावून, वरवंट्यानं कुटून तयार ठेवायची. मग दोऱ्यानं लाट्या कापायच्या आणि दुपारभर लाटत बसायचं. मजुरी म्हणजे गप्पा, आणि तेलात बुडवलेल्या लाट्या खायच्या. आज हिच्या घरी, परवा तिच्या. चौघींचे पापड झाले की वाळवण संपलं.

आई त्या वर्षीही सगळीकडे गेली. पलीकडच्या लीलाकाकूंकडे, पेंडसेवहिनींकडे, टोकाच्या खोलीतल्या सुमनमावशींकडे. आईचा हात पातळ आणि झरझर चालणारा. "तुम्ही आलात की दोन बायका आल्यासारखं होतं हो," असं लीलाकाकू म्हणायच्या. लाट्याही आईनं सगळीकडे खाल्ल्या, आमच्यासाठी वाटीत घातलेल्या घेऊन आली. एकेका घरचे पापड होत गेले आणि आमची पाळी जवळ येत गेली. आणि आमच्या घरात उडदाच्या डाळीचा दाणा नव्हता. त्या भावानं येणारही नव्हता.

आज मला वाटतं, आई सरळ म्हणाली असती की यंदा नाही हो जमत, डाळ परवडत नाही, तर काय झालं असतं? काही झालं नसतं. लीलाकाकूंनी स्वतःच त्या वर्षी उडदात मुगाची डाळ मिसळली होती आणि "पचायला हलके" असं म्हणत होत्या. पेंडसेवहिनींचे पापड तर मोजकेच होते. सगळ्यांचीच ओढाताण होती आणि सगळ्याच जणी ती पदराखाली धरून बसल्या होत्या. मधुराच्या ग्रुपवर हल्ली बघते. तेलाचा पुडा महागला की फोटो, बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत लहान झाला की फोटो, आणि खाली सगळ्यांचे हसण्या-रडण्याचे चेहरे. मला या मुलींचा हेवा वाटतो. आम्ही महागाई झाकून ठेवायचो आणि ती झाकणाखाली नासत जायची.

सुमनमावशींकडचे पापड झाले त्या दुपारी, लाटणी धुता धुता लीलाकाकूंनी सहज विचारलं, "मग तुमच्याकडे कधी बसायचं? वळीव यायच्या आत उरकू या."

आई म्हणाली, "अहो, आम्हाला सुतक आलंय."

मी दारातच होते. आईचा चेहरा मला अजून दिसतो. ते वाक्य तिनं ठरवलेलं नव्हतं. तोंडातून पडलं आणि मग तिनं स्वतःच ते ऐकलं. सुतकात वाळवण करत नाहीत, एवढंच तिला सुचलं होतं. सुतक असतं तर ती दुपारभर तिथे पापडांना हात लावून बसलीच नसती, हे त्या घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मोठं सोयीचं होतं ते. दहा दिवसांत पावसाळा दारात येणार, मग पापडांचं नाव कोण काढतो?

"अगं बाई! कोण गेलं?"

आता सुतक असं कुणाचंही येत नाही. आईच्या माहेरचं माणूस गेलं तर आम्हाला दहा दिवस लागत नाहीत. मैत्रीतलं, शेजारातलं चालत नाही. बाबांच्या भावकीतलंच माणूस हवं. आणि बाबांना भावकी म्हणून जगात एकच माणूस होतं, वाईजवळच्या खेड्यात राहणारे त्यांचे चुलते. मी त्यांना बापूआजोबा म्हणायची. बाबांचे वडील लवकर गेले, त्यानंतर बाबांना शिकवलं ते बापूआजोबांनी. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. दर वर्षी गणपतीत ते आमच्याकडे यायचे, सगळा मजला त्यांना ओळखायचा.

"यांचे बापूकाका," आई म्हणाली.

"म्हणजे ते... तपकीरवाले?" लीलाकाकूंच्या हातातलं लाटणं खाली आलं. "अहो, भाद्रपदात तर किती छान होते! माझ्या मोदकांच्या कळ्यांचं कौतुक करून गेले." आणि लीलाकाकूंच्या डोळ्यांतून खरोखरीचं पाणी यायला लागलं. ते बघून आईही रडायला लागली. आई कशासाठी रडत होती ते तिथे एकट्या मला माहीत होतं, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

"मग भाऊंना जायला नको का तिकडे?" लीलाकाकू बाबांना भाऊ म्हणायच्या. "अग्नी कोण देणार?"

"कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं," आई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "गावातल्यांनीच केलं."

"अरेरे. एवढा पुतण्या असून त्याच्या हातचा अग्नी नाही बिचाऱ्यांना."

संध्याकाळी बाबा आले. आईनं त्यांना चहा दिला आणि पदराशी चाळा करत सगळं सांगितलं. मला वाटलं बाबा ओरडतील. बाबांनी कप बशीत ठेवला. "उत्तम," म्हणाले. "भावकीत एकच माणूस उरलं होतं, तेही संपवलंस. आता सुतकाची कटकट कायमची गेली."

"मग काय सांगणार होते मी?" आई पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडली, तीही आवाज न चढवता. "तुमची टंचाई जिन्यावर जाऊ द्यायची नव्हती ना? नाही गेली."

बाबांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग आईच म्हणाली, "खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात." तेवढाच तिला आधार होता, आणि तो तिनं पुढचे दोन महिने घट्ट धरून ठेवला.

मग आम्ही सुतक पाळलं. खोटं बोलणं एका क्षणाचं असतं, पण ते निभवायला दिवस लागतात. रात्रीच लीलाकाकू पिठलं-भात घेऊन आल्या, सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी पेंडसेवहिनींकडून आमटी-भात आला. त्या भाताचा एकेक दाणा त्या दिवसांत काय भावाचा होता हे त्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पिठल्यावर वरून तेल सोडलेलं होतं. आमच्या घरी कित्येक दिवसांत कशावरही वरून तेल सोडलं गेलं नव्हतं. मला भूक लागली होती आणि मी ते पिठलं बोटं चाटून खाल्लं. आईनं ताटातल्या भातावर नुसता हात ठेवला होता.

सकाळी पेंडसेकाका यायचे, सोवळं नेसून. सुतकात आम्ही देवाला शिवायचं नाही, म्हणून आमच्या देवांची पूजा ते करून जायचे. आधी आपल्या घरची पूजा, मग आमच्या घरची, मग धावतपळत नोकरीवर. मन लावून चंदन उगाळायचे. बाबा तेवढा वेळ गॅलरीत पाठ करून उभे असायचे. बाबांची दाढी वाढत चालली होती, कारण सुतकात दाढी करायची नाही. रोज घोटून दाढी करणारा माणूस तो. वाढलेल्या दाढीत ते खरोखर कुणीतरी गेल्यासारखे दिसू लागले, आणि जिन्यात भेटणारे लोक आवाज खाली आणून त्यांच्याशी बोलू लागले.

रविवारी बाबा म्हणाले, "मी वाईला जाऊन येतो." शेजारी सांगितलं, दिवसांच्या कामासाठी. मला का नेलं कुणास ठाऊक; एकट्यानं जायचा धीर नसावा. एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. खंबाटकी घाटात मला उलटी झाली तेव्हा पाठीवरून हात फिरवला तेवढाच. वाईहून गावापर्यंत चालत गेलो. बाबा इतके भरभर चालत होते की मला मागे पळावं लागत होतं. आता मला कळतं ते का पळत होते. काका खरंच जिवंत आहेत हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

बापूआजोबा ओट्यावर बसून तपकिरीची डबी उघडत होते. बाबा अंगणातच थांबले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"अरे, असा पाहुण्यासारखा काय उभा? ये ना वर." मग डोळे बारीक करून ते जवळ आले. त्यांना हल्ली कमी दिसत होतं. "ही दाढी कशाला वाढवलीस रे? बरं नाही का?"

बाबांच्या जिभेवर नेहमीसारखं तिरकं उत्तर आलं. "पात्यांचेही भाव वाढलेत, काका."

ते विनोद करायला म्हणाले. दुसऱ्या कुणालाही तो विनोद कळला असता. पण बापूआजोबा खेड्यातले, सरळ माणूस. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पुण्यात महागाई आहे हे त्यांनी ऐकलं होतं. पण आपल्या कचेरीतल्या पुतण्याला दाढीचं पातं परवडू नये इथपर्यंत ती गेली आहे, हे त्यांना आता कळलं. जेवण झाल्यावर ते आत गेले आणि एक गाठोडं घेऊन आले.

"घरची उडदाची डाळ आहे. दुष्काळाच्या आधीची, राख लावून ठेवली होती. सूनबाईला म्हणावं, पापड कर."

बाबा काही बोलायच्या आत ते ओट्यावर सूप घेऊन बसलेसुद्धा. डाळ पाखडून, उजेडाकडे सूप धरून, डोळ्यांशी नेऊन एकेक खडा ते बोटानं चाचपून बाजूला काढू लागले. दिसत नव्हतं म्हणून चाचपायचं. मी म्हटलं, आजोबा, मी निवडते. "तू पाहुणी," म्हणाले, "आणि तुझ्या आईला त्या इमारतीतल्या एवढ्याशा उजेडात कुठे निवडायला लावतेस?" सगळी दुपार ते निवडत होते. बाबा शेजारी बसून अंगणाकडे बघत होते. ज्या डाळीवाचून आम्ही या माणसाला मारलं होतं, ती डाळ तो आमच्यासाठी निवडत होता.

निघताना ते बाबांना म्हणाले, "हे बघ, या वर्षी मी गणपतीला येत नाही. मी आलो की तुमचं गोडाधोडाचं होतं. अशा दिवसांत आणखी एक तोंड कशाला? पुढच्या वर्षी स्वस्ताई झाली की येईन."

बाबा नेमकं हेच सांगायला आले असणार. मेलेला माणूस गणपतीला जिना चढून कसा येणार? एरवी कुठल्याही वर्षी काका असं म्हणाले असते तर बाबांनी त्यांच्याशी भांडण काढलं असतं, हातातली टोपी आपटली असती. त्या दिवशी ते म्हणाले, "बरं." बापूआजोबांना बहुतेक थोडा आग्रह अपेक्षित असावा. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग माझ्या गालाला तपकिरीचा हात लावून म्हणाले, "जा, गाडी चुकेल."

डाळ घरी आली. आईनं गाठोडं सोडलं, मुठीत डाळ घेतली आणि परत ठेवली. सुतकाच्या घरात पापड होणार नव्हते. सुतक संपलं त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. डाळ माळ्यावरच्या त्या मोठ्या रिकाम्या डब्यात गेली.

श्रावणात, एका कामाच्या दिवशी, गावाकडचा एक माणूस बाबांच्या कचेरीत आला. बापूआजोबा सकाळी ओट्यावरच गेले. बाबा तिथूनच परस्पर वाईला गेले. घरी कचेरीतल्या शिपायाकरवी निरोप आला, आणि आईनं शिपायाला दारातून आत ओढून दार लावून घेतलं.

"भाऊ दिसले नाहीत काल?" दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाकाकूंनी विचारलं.

"ऑफिसच्या कामाला गेलेत," आई म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबा परत आले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबांनी खुंटीला टोपी अडकवली. आईनं त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. केस होते तसे होते, तेल लावून मागे वळवलेले. जो अग्नी देतो त्याला डोकं भादरावं लागतं. बापूआजोबांना बाबांशिवाय कोणी नव्हतं. आई भिंतीला धरून खाली बसली.

"सगळे माझी वाट बघत थांबले होते," बाबा म्हणाले. ते आईशी बोलत होते, पण बघत होते खुंटीकडे. "मी म्हटलं, मला जमणार नाही. कारण विचारलं त्यांनी. मी काय सांगणार? मुंडण करून या जिन्यावरून वर येताना मी लीलाताईंना काय सांगणार होतो? गुरुजींनी दिला अग्नी. मी उभा होतो."

मग ते म्हणाले, "तू म्हणाली होतीस ना, गावातल्यांनी केलं म्हणून. झालं तसंच."

आई त्यावर रडलीसुद्धा नाही. आवाज गॅलरीत गेला असता.

त्यानंतर आम्ही खरं सुतक पाळलं, चोरून. खोट्या सुतकात दाढी वाढवणारे बाबा खऱ्या सुतकात रोज सकाळी गॅलरीतल्या आरशासमोर सगळ्यांच्या देखत दाढी करत. देवांना ते शिवत नसत, पण पूजेच्या वेळी घंटा वाजली नाही तर शेजारी कळेल, म्हणून दूर उभं राहून नुसती घंटा वाजवत. सुतकात आमच्याकडे फोडणी करत नाहीत. पण श्रावणात आमच्या घरातून फोडणीचा वास आला नाही तर कुणी विचारेल, म्हणून आई चमच्यात थोडं तेल तापवून त्यात मोहरी जाळायची आणि ते तेल मोरीत ओतून द्यायची. ज्या तेलासाठी लोक रांगेत उभे होते ते तेल. मोरीच्या दगडावर त्याचा पिवळा ओघळ दिसायचा आणि आई त्यावर राख घालून घासायची.

पिठलं-भात घेऊन या वेळी कुणी आलं नाही. कसं येणार? त्यांच्या लेखी बापूआजोबा केव्हाच गेले होते, रडून झालं होतं. गणपतीत लीलाकाकूंनी मोदकांचं ताट आणलं तेव्हा म्हणाल्या, "या वर्षी फार चुकल्यासारखं होतंय हो त्यांच्याशिवाय." बाबा उठून गॅलरीत गेले.

मी हे आजवर मधुराला सांगितलेलं नाही, माझ्या मुलालाही नाही. आई-बाबा दोघं गेली. वाईट माणसं नव्हती ती. कुणाचा पैसा बुडवला नाही, कुणाला फसवून काही मिळवलं नाही. डाळ महाग झाली एवढंच झालं होतं. पण महागाईनं नेमकं काय काढून घेतलं हे मला अजून त्या वाण्याच्या फळ्यावर मांडता येत नाही, आणि आईबाबांची आठवण आली की आधी प्रेम येत नाही, आधी कान गरम होतात. याची मला आणखी निराळी लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात भाव काही उतरले नव्हते, पण लोकांना त्यांची सवय झाली होती. पापडांची पाळी पुन्हा सुरू झाली. आमच्याकडे लीलाकाकूंनी तारीख विचारली तेव्हा आईनं या वेळी लगेच सांगितली. माळ्यावरचा डबा खाली आला. आईनं डाळ उन्हात घातली, दळून आणली, पीठ भिजवलं. तेल कमी होतं म्हणून कुटण्यात कसूर केली नाही. दुपारी सगळ्या जमल्या. पोळपाट गोलाकार मांडले गेले. लाट्या कापल्या गेल्या, गप्पा सुरू झाल्या. बाबांना सुट्टी होती. ते आतल्या खोलीत पेपर धरून बसले होते.

पहिला पापड लाटून लीलाकाकूंनी उजेडाकडे धरला. पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती.

"काय पीठ आहे हो," त्या म्हणाल्या. "कुठे म्हणून चिरत नाही. कुठला उडीद?"

"बाजारातलाच," आई म्हणाली.

"हल्लीच्या बाजारात? अहो, निम्मे खडेच येतात. यात एक कण नाही. कुणी निवडला एवढा?"

आतल्या खोलीत पेपरचा आवाज थांबला. मी लाट्यांवर फडकं झाकत होते, माझा हात तिथेच राहिला. आईनं मान वर केली नाही. तिचं लाटणं फिरत होतं, पातळ आणि झरझर, नेहमीसारखं.

"मीच," आई म्हणाली.